हळू बोल वं

तिचं नाव आता आठवत नाही, पण तो आवाज कुठेही ओळखेन. ती पहाटे कळमन्याच्या ठोक बाजारातून भाजी आणायची आणि गल्लोगल्ली विकायची. आमच्या प्रशिक्षणालाही टोपली दाराशी ठेवूनच आली होती.

बाळंतपणात आत इजा झाली की काही बायकांची लघवी गळत राहते आणि त्या लाजेनं गप्प बसतात. वस्तीत जाऊन हे बोलतील अशा स्वयंसेविका मी तयार करत होते. सरावाला एकेकीला उभं केलं, तर ‘लघवी’ म्हणताना प्रत्येकीचा आवाज पदरात शिरायचा. माझा जीव मेटाकुटीला आला.

मग ती उठली. तिनं पदर खोचला, तळहात गालाशी धरला आणि मेथी विकावी तशी हाळी दिली, "बायांनो, बाळंतपणापासून लघवी गळते का? इलाज हाय! दवाखान्यात चाला!"

"हळू बोल वं," शेजारीण पुटपुटली.

"काहून? आपणच कुजबुजलो तं तरास असलेली बाई लपवूनच ठेवन!"

सगळ्या हसल्या. त्या आवाजात लाजेला बसायला जागाच नव्हती. तेवढ्यात दारात कप वाजले. चहा घेऊन आलेली बाई तिथंच थबकली होती.

"माहं बी असंच हाय," ती म्हणाली. "खरंच बरं होते?"

भाजीवालीनं तिच्या हातातला ट्रे काढून घेतला, तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि दिवसभरात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "कधीपासून वं?"