चष्मा काढून भरा, साहेब

माझ्या सासूबाईंना हट्टी म्हणू नये. हट्टी माणूस कधीतरी दुसऱ्याचं ऐकतो. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीची वेळ देण्याच्या खिडकीवर त्यांनी बावीस वर्षं काढली. आतून "पुढचा!" असा आवाज आला की रांगेतले भलेभले हातातली फाइल सरळ करतात. घरी आम्हीही करतो.

मागच्या वर्षी दवाखान्याने वेळ घेण्यासाठी वेबसाइटवर फॉर्म आणला आणि कटकट सुरू झाली. रोज दोन-तीन माणसं खिडकीशी येऊन सांगायची, "फॉर्म भरला, धन्यवादही आलं." यादीत मात्र नाव नाही. तक्रारी वरपर्यंत गेल्या. व्यवस्थापक साहेबांनी वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, "आमच्याकडे तर चालतंय." झालं! मग खापर फोडायला खिडकीवरची बाई होतीच. त्या नावं गाळतात आणि ओळखीच्यांना आत घुसवतात, असं ठरलं. माफीचं पत्र टाइप करून तयार. सोमवारी सही करा, नाहीतर चौकशी.

"कर ना सही," सासरे म्हणाले. "आठ महिन्यांत निवृत्त होशील. कशाला वाकड्यात शिरतेस?"

"आठ महिने राहिलेत म्हणून काय चोर ठरून बाहेर पडू?" सासूबाई कडाडल्या. "मेले तरी सही करणार नाही." सासरे मुकाट्याने गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

रविवारी दुपारी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "तू दिवसभर त्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून असतेस ना? मग बघ जरा."

मी प्रोग्रामर आहे. कोड लिहिताना एक एआय मदतनीस वापरते. पूर्वी स्क्रीनवर काय बिघडलंय ते मला पाहून त्याला सांगावं लागायचं, म्हणजे आंधळ्याला रस्ता सांगितल्यासारखंच. आता त्याला ब्राउझर जोडून दिलाय. तो स्वतः वेबसाइट उघडतो, बटणं दाबतो आणि मागे ब्राउझर नि सर्व्हर एकमेकांना काय सांगतात तेही वाचतो. सासऱ्यांची तपासणी खरंच करायची होती, म्हणून त्यांचीच माहिती दिली आणि म्हटलं, भर फॉर्म.

चार सेकंदांत भरला. सर्व्हरचं उत्तर: नोंद झाली. कुठे काही अडलं नाही.

"आई, फॉर्म तर नीट आहे हो," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तुलाही वाटतं, मीच नावं गाळते?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं होतं.

पण त्या रडणाऱ्यांतल्या नव्हेत. पदर खोचला आणि खुर्ची ओढून थेट स्क्रीनसमोर बसल्या. "पुन्हा भरायला सांग त्याला. मला बघू दे." फॉर्म झरझर भरला गेला आणि त्या एकदम ओरडल्या, "अगं थांब! हा काय माणूस आहे का? दवाखाना कसला आहे आमचा? डोळ्यांचा! आमची माणसं चष्मा शोधायलाच पाच मिनिटं घेतात. मग कार्ड सापडत नाही. मग नंबर वाचून दाखवायला कुणाला तरी हाक मारतात. सांग तुझ्या या शहाण्याला, म्हातारा होऊन भर म्हणावं."

मला हसू आवरेना. पण हे खरं तर मला सुचायला हवं होतं. ही माझी रोजची भाकरी आहे! मी आधीच्या दोन्ही नोंदी रद्द केल्या आणि मदतनिसाला बजावलं: एक रकाना भर, दोन मिनिटं थांब, मग पुढचा.

सासूबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. सासरेही दारात येऊन उभे राहिले. चौदाव्या मिनिटाला बटण दाबलं गेलं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत धन्यवाद आलं. आणि खाली मदतनिसाने लिहिलं: सर्व्हरने हा फॉर्म नाकारला आहे, कारण तो भरायची दहा मिनिटांची मुदत संपली होती. सर्व्हरचं उत्तर न पाहताच वेबसाइट धन्यवाद दाखवते.

"म्हणजे तोंडावर गोड बोलते आणि मागे कागद फाडते?" सासूबाईंनी विचारलं.

"अगदी तसंच."

"मेली लबाड!"

सोमवारी मी रजा टाकून त्यांच्यासोबत गेले. मदतनिसाचा छापलेला अहवाल पुढे ठेवला तर साहेबांनी तो बोटाने बाजूला सारला. म्हणाले, "मशीन काहीही सांगेल. बाई, सही करा."

सासूबाईंनी त्यांच्या हातात त्यांचाच मोबाइल दिला. "साहेब, एक वेळ घ्या माझ्याकडून. चष्मा काढून भरा." बाईंचा सूर तोच होता, "पुढचा!" वाला. साहेबांनी चष्मा काढला. मोबाइल लांब धरला, जवळ धरला. जन्मतारीख दोनदा चुकली. मध्येच वैतागून म्हणाले, "अक्षरं केवढी बारीक केलीत!" तेरा मिनिटं लागली.

"हं, आलं धन्यवाद!" साहेब विजयी मुद्रेने म्हणाले.

सासूबाईंनी यादी उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. साहेबांनी चष्मा चढवून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. मग माफीचं पत्र उचलून खणात टाकलं आणि म्हणाले, "ठीक आहे. गैरसमज झाला. कंपनीला कळवतो. विषय संपला."

"कसा संपला?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्यानेच लिहायला लागल्या. मी खांद्यावरून वाचत होते. 'ज्यांची नावे यादीत सापडली नाहीत, ते सगळे खरे बोलत होते. आम्ही त्यांना खोटे ठरवून परत पाठवले. माफ करा. त्यांना या आठवड्यात आधी तपासले जाईल.' खाली स्वतःची ठसठशीत सही केली.

"हा खिडकीवर लावायचा," त्या म्हणाल्या.

"अहो, पण तुमची सही कशाला?" साहेब चक्रावले. "तुमची तर काहीच चूक नव्हती."

"होती ना." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मीही त्यांना तोंडावर खोटारडे म्हणत होते. वर्षभर. एक आजी तर माझ्यासमोर शपथा घेत होत्या. मी पुढच्याला हाक मारली."

मग त्यांनी पेन उलटं करून साहेबांपुढे धरलं.

"माझी झाली. आता तुमची करा."