धुळ्याची सीट, कर्नाटकची सीट

ज्या माणसाने माझं लग्न जमवलं, तोच माणूस आमच्या भागातल्या पोरांना कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या सीटा मिळवून द्यायचा. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या रेक्झिनच्या बॅगेत एका कप्प्यात मुलींचे फोटो असत आणि दुसऱ्यात कॉलेजांची माहितीपत्रकं. मला वाटायचं, हे दोन धंदे आहेत. तो एकच होता. मुलगा बारावीला जेमतेम मार्कांनी पास झालेला, इकडच्या सरकारी कॉलेजात त्याला कुणी उभं करणार नाही, आणि तिकडच्या डोनेशनची घरात ऐपत नाही. अशा मुलासाठी नाना मुलगी असलेला बाप शोधायचे. बापाने सीटचे पैसे भरायचे, मुलाने इंजिनिअर व्हायचं आणि त्या बापाची मुलगी करायची. याला कुणी हुंडा म्हणत नसे. ‘आम्ही पोराला शिकवलं’ असं म्हणत.

एकोणनव्वद साली मी जळगावला बारावी सायन्स पास झाले. मार्क चांगले होते. चांगले म्हणजे धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नाव लागेल असे. माझे वडील, आबा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक होते. निकालाच्या दिवशी त्यांनी डेपोभर पेढे वाटले. त्याच आठवड्यात नाना पहिल्यांदा घरी आले. मी दार उघडलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आबांना विचारलं, “हीच का ती हुशार?” लोक हुशार हा शब्द कौतुकाने म्हणतात. नानांनी तो एखाद्या दुखण्याचं नाव घ्यावं तसा म्हटला.

आबा वाईट नव्हते, घाबरलेले होते. माझी मोठी बहीण, अक्का, बीएस्सी फर्स्ट क्लास. तीन वर्षं मुलं तिला बघून जात होती. कमी शिकलेले म्हणत, ही आमच्या डोक्यावर बसेल. जास्त शिकलेले जे मागत, ते आबांकडे नव्हतं. शेवटी तिला शिरपूरच्या एका बिजवराला दिली. लग्नात आबा मांडवात कुठंच दिसेनात. मी शोधायला गेले तर मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ एकटे उभे होते. त्या दिवसापासून शिकलेली मुलगी म्हटलं की त्यांना ती टाकी आठवत असणार.

नाना दर रविवारी येऊ लागले. आमच्याकडे ते चहाही घेत नसत. काम जमल्याशिवाय त्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, असा त्यांचा नेम होता. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं बोलत. पाऊसपाणी, कापसाचा भाव, मग हळूच कर्नाटक. एका रविवारी त्यांनी मलाच हाक मारली. “बेटा, तुनं अक्षर चांगलं शे ना? मग मांड बरं. एका बाजूले धुळं, एका बाजूले कर्नाटक.”

मी फुलस्केप कागद घेऊन बसले. मला वाटलं, आबा माझ्यासाठीच दोन्हीकडचा विचार करताहेत. धुळ्यात डॉक्टर, नाहीतर तिकडे इंजिनिअर. धुळ्याच्या बाजूला फी, होस्टेल, मेस आणि पुस्तकं लिहिली. जाण्यायेण्याचं शून्य, कारण आबांच्या पासावर आम्हाला एसटी फुकट. कर्नाटकच्या बाजूचं नाना सांगत गेले. डोनेशन, दर वर्षाची फी, परराज्यातल्या मुलांना लावतात ती जादा फी, खोलीभाडं, मनमाडला गाडी बदलून जायचं तिकीट. मी विचारलं, “मुलींच्या होस्टेलचं किती?” नानांनी आबांकडे पाहिलं. आबांनी खिडकीकडे पाहिलं. “ते ऱ्हाऊ दे,” नाना म्हणाले.

बेरीज झाली. धुळ्याची सगळी वर्षं मिळून कर्नाटकच्या एका वर्षाइतकीही होत नव्हती. मी खूश झाले. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस कोण लागेल? मी कागद आबांपुढे सरकवला. नानांनी तो अलगद ओढून घेतला, माझंच पेन मागितलं आणि धुळ्याच्या बाजूला, बेरजेच्या खाली, आणखी एक ओळ लिहिली: ‘डॉक्टर जावई’. पुढे आकडा लिहिला नाही.

“भाऊ, पोर डॉक्टरीन झाली म्हंजे जावई डॉक्टरच लागी,” ते आबांना म्हणाले. “त्याना आकडा तुम्हीच टाका.”

आबांनी पेन हातात घेतलं नाही. त्या कोऱ्या जागेकडे नुसते बघत राहिले. मी म्हणाले, “डॉक्टर झाल्यावर मीच कमवीन की!” नानांना ऐकू आलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “बरोबर म्हणतेय पोरगी,” ती म्हणाली. “तू आत जा,” आबा म्हणाले. दोघींपैकी कुणाला म्हणाले ते कळलं नाही, म्हणून आम्ही दोघीही आत गेलो.

त्यानंतर घरात आवाज कमी झाले. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. नशिराबादच्या रस्त्याला आमचा एक प्लॉट होता, पुढेमागे घर बांधायला घेतलेला. तो विकला, हे मला शेजारणीकडून कळलं. मी धावत घरी आले आणि आईला विचारलं, “माझ्या शिक्षणासाठी?” आई कणीक मळत होती. ती मळतच राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. फिजिक्सला पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मला घरातलं एवढंही दिसेना, याबद्दल मला आबांपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

आषाढात एका गुरुवारी धुळ्याच्या कॉलेजचं पत्र आलं. मंगळवारी पाचच्या आत मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, न आल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. त्याच संध्याकाळी नाना आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, “वहिनी, चहा टाका.”

आईने चहा केला, पण साखर घालायची विसरली. नानांनी तो तसाच प्यायला आणि फक्कड झालाय म्हणाले.

मंगळवारी सकाळी आबा म्हणाले, “चल, धुळ्याला जायचंय.” मी फाइल घेतली. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, सहा फोटो. आईने मला साडी नेसायला लावली. कॉलेजात साडी कशाला, मी विचारलं. “साहेब लोक असतात,” ती म्हणाली. निऱ्या खोचून देताना तिने एकदाही मान वर केली नाही.

एसटीत बसलं की आबांचा कान इंजिनाकडे असायचा. कुठे काय बिघडलंय ते सांगत सांगत प्रवास व्हायचा. त्या दिवशी एरंडोलच्या पुढे ड्रायव्हर गिअर टाकताना गाडी नुसती कण्हत होती आणि आबा गप्प होते. पारोळ्याला त्यांनी मला भजी घेऊन दिली, स्वतः एकही खाल्लं नाही. मी फाइल मांडीवर घट्ट धरून बसले होते. का कोण जाणे, मला ती उडून जाईल असं वाटत होतं.

धुळ्याच्या स्टँडवर त्यांनी रिक्षावाल्याला देवपूर सांगितलं. “कॉलेज तिकडे आहे?” मी विचारलं. “आधी एका ठिकाणी जाऊन येऊ,” ते म्हणाले, “दहा मिनिटं लागतील.”

रिक्षा एका घरासमोर थांबली. दारात नाना उभे होते, हसत. कर्नाटक कुणाचं, प्लॉट कशासाठी, साडी कशाला, सगळं एका क्षणात कळलं. पळावं असं वाटलं. पण परक्या गावात, साडी नेसून, कुठे पळणार? मी चप्पल काढली आणि आत गेले.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. सतरंजीवर बायका बसल्या होत्या, पोहे तयार होते. समोर मुलगा बसला होता, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत. तोही माझ्याइतकाच भेदरलेला होता, त्यामुळे त्याचा रागसुद्धा धड येईना. त्याची आई म्हणजे आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. तिने नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मग तिची नजर माझ्या मांडीवर गेली.

“ते काय शे?”

“कागदपत्रं,” मी म्हणाले. “बारावीची.”

तिने हात पुढे करून फाइल घेतली, मार्कशीट काढून दोनदा वाचली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. “पोरी, पुढे शिकानं शे का तुले?”

नानांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत दटावणी असती तर मी ताडकन हो म्हणाले असते. मी तशीच आहे, दटावलं की उसळते. पण ते दटावत नव्हते. त्यांनी हात जोडायचे तेवढे बाकी होते.

“नाही,” मी म्हणाले.

नानांनी लगेच सुपारी फोडायला घेतली. पाच वाजले तेव्हा मी त्याच घरात शिरा खात होते.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. नवरा कर्नाटकात शिकत राहिला आणि मी धुळ्यात सासूबाईंपाशी राहिले. माणूस चांगला निघाला, इंजिनिअरही झाला, दोन वर्षं जास्त घेऊन. तोवर रोज सकाळी पांढरे एप्रन हातावर टाकून मुली आमच्या दारावरून जायच्या. मी त्या वेळी शक्यतो अंगणात जात नसे.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी, चैत्रात, गच्चीवर सासूबाई आणि मी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत होतो. खालून त्या मुली हसत गेल्या. आणि मी सासूबाईंना त्या मंगळवारचं सांगितलं. पत्र आलं होतं, पाचची वेळ होती, सगळं. त्यांचा थापता हात थांबला.

“मी ते मनापासून इचारेल व्हतं ना पोरी,” त्या म्हणाल्या. “कालेज ते आठेच, गावमाच शे. तू हा म्हनती, ते मी तुले धाडी देती.”

त्यानंतर आबा वीस वर्षं जगले. दर दिवाळीला मी माहेरी जात होते. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.