आक्कावरचा लेख

बरीच वर्षं मी एका फुकटच्या सेवेवर ब्लॉग लिहीत होतो. मग तिथे जाहिराती वाढल्या, माझ्या लेखाच्या मधोमध केसगळतीचं तेल दिसायला लागलं, आणि मी ठरवलं, आता आपली स्वतःची वेबसाइट करायची. तिच्यासाठी नाव विकत घेतलं, सर्व्हरवर जागा घेतली, ओळखीच्या एका इंजिनिअरने सगळं लावून दिलं. जुने लेख तिकडे आणले ते मात्र पार विस्कटून आले. परिच्छेद एकमेकांना चिकटलेले, फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. एकेक लेख उघडून हाताने नीट करण्यावाचून इलाज नव्हता.

ते काम आक्काने मागून घेतलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. भवानी पेठेतल्या आमच्या घरात ती वर राहते, आम्ही नवरा-बायको खाली. मराठी टायपिंग तिचं माझ्यापेक्षा चांगलं. "दिवसभर टीव्ही बघण्यापेक्षा हे बरं की," म्हणाली. माझा ब्लॉग तिने कधी वाचला नव्हता. मीही कधी वाच म्हटलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. पण कामाच्या घाईत ते माझ्या लक्षातच राहिलं नाही.

माझ्या सगळ्या लिखाणात लोकांनी सर्वांत जास्त वाचलेला लेख आक्कावरच होता. तिचं ठरलेलं लग्न बार्शीच्या मुलाकडच्यांनी मोडलं आणि त्या धक्क्यातून ती कधी सावरली नाही, असा. ते घडलं तेव्हा मी शाळकरी होतो. आई रडत होती, आप्पा जेवत नव्हते, एवढंच मी पाहिलं होतं. बाकीचं माझ्या मनाने भरलं. नाव घातलं नव्हतं, पण ओळखीच्यांना नावाची गरज नव्हती. लोकांनी तो लेख फोनवरून एकमेकांना पाठवला. डोळे भरून आले, असं कितीतरी जणांनी कळवलं. मला ते आवडलं होतं.

एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन खाली आली आणि माझ्यासमोर ठेवला. तोच लेख उघडा होता. परिच्छेद सुटे केलेले, माझं शुद्धलेखनही सुधारलेलं.

"हे कधी लिहिलंस?"

"झाली सात-आठ वर्षं."

"तरीच," म्हणाली. "त्या साली ऑफिसातल्या बायका माझ्याशी एकदम लई गोड वागायला लागल्या. कुणाच्या लग्नाचं बोलणं चाललेलं असलं आणि मी आत गेले, की गप्प व्हायच्या. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

मी बोलायला तोंड उघडलं, पण तिचं संपलं नव्हतं.

"आणि त्यांनी नाही मोडलं. मी मोडलं. साखरपुड्याला त्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या आईला गप्प बस म्हटलं, तुला काय कळतंय म्हणून. ती बाई नुसती हसली. मला ते हसणं बघवेना. पाहुणे गेल्यावर आप्पांना सांगितलं, मला हा माणूस नको. आप्पांना लई लागलं ते. पण स्वतः बार्शीला जाऊन सांगून आले."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस कधी? वरच राहते की मी."

लेख काढून टाकतो, म्हणालो.

"काढून काय होतंय? वाचलाय की लोकांनी. त्या घरावर पण तू उगाच आळ घेतलास. खरं काय ते लिही."

मी लिहायला बसलो. पहिला मजकूर तिने वाचला आणि परत दिला. "आता मला शूर केलंस. शूर कसली? नको होता तो मला, बस." पुन्हा लिहिलं, पुन्हा तिने खोडलं. शेवटी जे उरलं ते पाच-सहा ओळींचं होतं. मी काय चुकीचं लिहिलं, खरं काय होतं आणि मी न विचारता लिहिलं, एवढंच. नव्या वेबसाइटवर जुन्या लेखाच्या जागी तेवढंच ठेवलं. फारसं कुणी वाचलं नाही.

तिच्या ऑफिसातल्या बायकांना भेटून सांगू का, असं मी विचारलं. नको म्हणाली. बाकीचे लेख मात्र तिने एकेक करून पुरे केले. आईवरचा आला तेव्हा मी आधीच तिच्याजवळ जाऊन बसलो आणि यात खरं किती ते विचारलं. दोन ठिकाणी तिने नाही म्हणून मान हलवली. मी ती वाक्यं काढली.

मागच्या महिन्यात जेऊरच्या मावसभावाने नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच जुना लेख टाकला. माझं नाव गळून गेलं होतं, वर "सत्यकथा" लिहिलेलं होतं. मी लगेच खाली लिहिलं, हे माझंच लिखाण आहे आणि ते खोटं आहे. एकदोघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या.

आक्काही त्या ग्रुपवर आहे. तिने काही लिहिलं नाही. संध्याकाळी जेवायला खाली आली, तेव्हाही तो विषय काढला नाही, आणि मलाही काढवला नाही.