अल्मायराबाईनं विणलेलं अक्षर

ऑरिन स्टॉल्पच्या निळ्या स्वेटरवरचं पांढरं अक्षर वाकडं होतं. आयोवातल्या आमच्या तालुक्यात ते सगळ्यांना दिसायचं आणि कोणी विचारत नसे. एखाद्यानं विचारलंच, तर हा गाईच्या पोटाला कपाळ टेकून दूध काढत राही.

ते अक्षर त्याच्या आईनं विणलेलं. एकोणीसशे सात साली पोरगा विद्यापीठात निघाला, तेव्हा अल्मायराबाईनं वर्तमानपत्रातला फोटो समोर धरला. फोटोत अकरा पोरं आणि अकराही छातींवर विद्यापीठाचं अक्षर. बाईनं शाळेचे चारच हिवाळे पाहिलेले. तिला वाटलं, तिथला पोशाखच असेल. सगळ्यांची पोरं घालणार आणि आपलंच कोऱ्या छातीनं हिंडणार, हे तिला कसं बघवावं? तिनं स्वेटर विणला, वर वीतभर अक्षर शिवलं.

पण तिथं ते अक्षर विणून मिळत नव्हतं. मैदानात विद्यापीठासाठी जिंकेल त्यालाच ते मिळे. बाकीच्यांनी अंगाला लावलं, तर चोरीच. नव्या पोरांनी तर हिरवी टोपी घालायची, वरच्या वर्गाला वाट द्यायची आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पहिल्याच सकाळी धावणाऱ्यांचा कप्तान रॉस्को व्हँडेव्हीर पायऱ्यांवर आडवा आला.

"काय रे नवख्या, कुठं जिंकलास हे?"

"जिंकलं नाही. आईनं विणलं."

"ऐकलंत का? आता आयासुद्धा शर्यतीत उतरल्या."

"उतरली तर तुला मागं टाकेल. ती रोज डुकरांमागं पळते."

एवढं बोलायला नको होतं. सहा जणांनी त्याला पाडलं. रॉस्कोनं चाकूनं अक्षर कापलं, खालच्या स्वेटरलाही भोक पडलं, आणि मग पोराला तळ्यात फेकलं. अक्षर रॉस्कोच्या क्लबात भिंतीतल्या शेकोटीच्या वर खिळ्यानं ठोकलं गेलं. खाली पाटी: 'मातोश्रींचा विक्रम.'

ऑरिननं भोकावर पिठाच्या पोत्याचं ठिगळ लावलं आणि घरी लिहिलं, स्वेटर उबदार आहे. आईचं उत्तर आलं: जूनमध्ये येते. तोच घालून स्टेशनवर ये.

तो क्लबाच्या दारात गेला. "माझं अक्षर द्या."

आत पंधरा-वीस जण जेवत होते. रॉस्कोनं काटासुद्धा खाली ठेवला नाही. "जिंकून ये, मग ने. सगळे साक्षीला आहेत."

सगळे हसले. ऑरिननं मात्र त्यातले चेहरे नीट पाहून ठेवले.

धावणं शिकवणाऱ्या पिकन्स मास्तरांनी त्याला दोन मैलांच्या शर्यतीसाठी घेतलं, कारण हिवाळाभर बर्फात पळणारा दुसरा कोणी नव्हता. चमूतलं कोणी त्याच्याशी बोलत नसे. बुटांत डांबर भरलेलं सापडे. जेवायला तो बसला की बाक रिकामा होई. त्यानं तक्रार केली नाही. रिकाम्या बाकावर ऐसपैस बसून दोघांचं जेवला.

मे महिन्यात शेजारच्या विद्यापीठाशी सामना झाला. दोन मैलांत पहिला येईल त्याला अक्षर. रॉस्कोही धावत होता. शेवटच्या वळणावर त्यानं कोपर मारलं, ऑरिननंही मारलं, आणि रॉस्कोच्या बुटाचे खिळे याच्या नडगीत रुतले. मोजा लाल झाला. तरी ऑरिन तीन पावलं आधी पोचला. टाळ्या वाजल्या त्या पाहुण्यांच्या बाकांवरून. आपल्या बाजूला कोणीतरी खोकलं, इतकंच.

रिवाज असा की जिंकणाऱ्याला अक्षराचा नवा स्वेटर कप्तानानंच आपल्या हातानं घालायचा. रॉस्को भर सभेत स्वेटर घेऊन समोर आला.

"हात वर कर."

"हा नको. शेकोटीवरचं द्या."

"ती चिंधी कशाला रे आता?"

"जिंकून ये म्हणालात. सगळे साक्षीला होते."

पिकन्स मास्तरांनी चष्मा पुसला. "शब्द दिला होतास का, व्हँडेव्हीर?"

"थट्टा होती ती, मास्तर."

"मग आता थट्टेनंच घेऊन ये."

रॉस्को गेला आणि आला. धुरानं पिवळं पडलेलं, मधोमध खिळ्याचं भोक असलेलं अक्षर त्यानं ऑरिनच्या हातात आपटलं. नवा स्वेटर खांद्यावर फेकला. "हाही ने. नियम आहे. झालं समाधान?"

"नाही," ऑरिन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ग्रीकच्या तासाला मागच्या बाकावर बसून त्यानं अक्षर ठिगळावर शिवलं. नांगर धरणारा हात तो. अक्षर तिरकं बसलं.

जूनमध्ये आई गाडीतून उतरली. तिनं आधी स्वेटर पाहिला.

"हे वाकडं का रे?"

"धुताना सरकलं."

"माझा टाका सरकत नाही."

तिनं बोट फिरवलं. खिळ्याचं भोक लागलं, खाली पोत्याचं कापड लागलं. तेवढ्यात फलाटावरच्या चार पोरांनी ऑरिनला पाहून पाठ फिरवली, तेही तिनं पाहिलं.

"उसवून नीट करू का?"

"नको."

"बरं," ती म्हणाली. "ट्रंक धर."

नवा स्वेटर तिनं घरी नेला आणि उबवणीच्या कोंबडीखाली घातला. त्यावर नऊ पिल्लं निघाली.