कल म्हणजे उद्या

आमच्या घरी एक गोष्ट कौतुकाने सांगतात. मळ्यावर कामाला असलेल्या छत्तीसगडच्या मुलीला मी वेळेवर दवाखान्यात नेलं, तिचं सिझर झालं आणि मायलेकी वाचल्या. "बाबा नसते तर काही खरं नव्हतं," असं मुलगा पाहुण्यांना सांगतो. मी मान खाली घालतो. पाहुण्यांना तो विनय वाटतो.

पिपरी मेघेच्या कडेला आमचा भाजीचा मळा आहे. विहिरीजवळच्या खोलीत ती आणि तिचा नवरा राहतात. तेव्हा तिची पहिलीच खेप होती. आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. हिचं माहेर फार लांब, नवरा धानाच्या कापणीला गावी गेलेला, आणि माझी बायको तिच्या भावाकडे. राहिलो मी. मला ती बबा म्हणते. त्यांच्याकडे आजोबांना तसं म्हणतात.

सकाळी गाडीत मेथी-पालक भरून बाजाराला निघालो, तर ती दाराची चौकट धरून उभी. तिला पुढे बसवलं आणि आधी दवाखान्यात नेलं.

"कळा कव्हापासून आहेत वं?" नर्सने तिला विचारलं.

तिला त्यातलं 'कव्हा' तेवढं कळलं. "कल," ती म्हणाली.

"कालपासून?" नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

आदल्या संध्याकाळी ही मुलगी माझ्याशेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधत होती, माझ्या हिंदीला हसत होती. तिला काही दुखत नव्हतं, हे मला माहीत होतं. तिला नीट विचारायला हवं होतं. पण बायकांच्या वॉर्डात उभं राहून कळांबद्दल विचारायची मला लाज वाटली. बाहेर गाडीत भाजी सुकत होती, तेही डोक्यात होतं.

"तिकडल्या बाया अशाच," नर्स म्हणाली. "जीव जाईपर्यंत सांगत नाई." आम्हीही मळ्यावर असंच बोलायचो. ते ऐकून मला बरंच वाटलं. आता पुन्हा विचारायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाई आल्या. कालपासून कळा आहेत आणि अजून मोकळी होत नाही, म्हणजे थांबण्यात धोका आहे, असं म्हणाल्या. त्यांना आणखीही काही दिसलं असेल. मी डॉक्टर नाही. पण माझ्या कानांनी जे ऐकलं ते एवढंच.

त्याच्या आदल्या वर्षी त्याच वॉर्डात माझी लेक होती. उशाशी तिची आई होती. सिझरचं नाव निघताच ती म्हणाली होती, "बाई, हिचं आत्ताच तं चालू झालं. आमच्यात वेळच लागते. थांबून पाहा जरा." ते थांबले, आणि लेक आपोआप मोकळी झाली. या मुलीच्या उशाशी तसं बोलणारं कुणी नव्हतं. मी होतो, आणि मी मान हलवली होती.

पुढे ती तान्हीला मांडीवर घेऊन मला हसत सांगू लागली, "नर्स पूछी बच्चा कब होगा, तो मैं बोली कल. और ये तो आज ही आ गई, बबा!" कल म्हणजे उद्या. हिंदीत काल आणि उद्या एकच, ही आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असलेली गंमत. मीही हसलो आणि गप्प बसलो.

तिचं हसणं मात्र टिकलं नाही, कारण तिची सासू गप्प राहत नव्हती. सगळी पोरं घरीच झालेली बाई ती. गावी गेलं की चारचौघींत म्हणायची, माझ्या सुनेला बाळंत होता आलं नाही, पोट चिरून घेऊन आली.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले. पालक धुता धुता ती म्हणाली, "इस बार भी काटेंगे बबा. मेरे से होता ही नहीं."

मी तिच्यासमोर धुऱ्याच्या बांधावर बसलो आणि माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तिचे हात पाण्यातच राहिले.

"तो मेरे में खराबी नहीं थी?"

"नहीं बेटा. गलत मैंने बताया."

घरी बायकोलाही सांगितलं. "अन् पाहुण्यायकडून शाबासकी घेऊन राह्यले होते तुम्ही," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती तिला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी जुना टाका तपासला. दवाखान्यातच यायचं, सगळं ठीक दिसलं तर वाट पाहू, नाहीतर सिझर करू, म्हणाल्या. दोन्हीला तिची तयारी आहे.

संध्याकाळी ती मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. नंबर लावूनच आणला होता. "सास है. अब इनको बोलो."

परक्या विहिणीशी बाळंतपणाचं बोलायचं म्हणजे माझी जीभ जड झाली. तरी बोललो. कळा, कल, माझी मान, सगळं.

"तो पहिली काबर नइ बताए?" म्हातारीने विचारलं. काबर म्हणजे आमचं काऊन: आधी का नाही सांगितलं?

"लाज आ गई," मी म्हणालो.

"तोर लाज," ती म्हणाली, "अउ सुनिस मोर बहू." तुझी लाज, आणि ऐकून घेतलं माझ्या सुनेने. ऐकवणारी ती स्वतःच होती, ते ती बोलली नाही. मीही काढलं नाही.

"बहू ला दे," ती म्हणाली.

मी फोन दिला. मुलीने डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली. म्हातारी काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही. ही मात्र हळू आवाजात "हव दाई, हव", हो आई, हो, म्हणत होती, आणि पदराने डोळे पुसत होती.