नूतनच्या ओट्याखालचं नाव

वरवे गावात नूतनला नुसतं नूतन म्हणून कुणी ओळखत नाही. "ती व्हय, ओट्यावाली?" असंच म्हणतात. हे नाव तिला दोनदा मिळालं. पहिल्यांदा कौतुकानं मिळालं, तेव्हा बाई गावातनं मान ताठ करून चालायची. दुसऱ्यांदा कसं मिळालं, तेच तर सांगायचंय.

तशी बाई कामाची. नसरापूरच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जाते, सकाळी सातला फाट्यावर यष्टीला उभी असते, आणि त्याआधी घरातल्या सगळ्यांचे डबे तयार असतात. नवरा गोरख टेम्पो चालवतो. माणूस गरीब, बायको म्हणेल ती पूर्व. घर दोन खोल्यांचं. आणि त्या घरातलं तिचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे सासूच्या वेळचा ओटा. शहाबादी फरशीचा, मधोमध चीर पडलेला. त्या चिरेत पिठाचं पाणी जायचं आणि खालच्या डाळीच्या डब्यावर ठिबकायचं. चिरेत झुरळांची तिसरी पिढी नांदत होती. त्यांना हाकलायचं म्हणजे भाडेकरू हाकलण्यापेक्षा अवघड.

त्यात पुण्याच्या बहिणीनं, शेफालीनं, आपल्या नव्या किचनचा फोटो मोबाईलवर धाडला. बहिणीचं कौतुक कुणाला नसतं? पण नूतन तो फोटो बोटानं मोठा करकरून ओट्याची कडच बघत बसली. गोरख म्हणाला, "अगं, मेव्हणीचं तोंड बी हाय त्या फोटोत."

ग्रॅनाइट आपल्या आवाक्यातला नाही, हे तिनं दुकानात एकदाच विचारून ओळखलं. मग बाईनं डोकं लढवलं. गावात गेल्या पाच-सहा वर्षांत कुणाकुणाचं बांधकाम झालं, ते तिला तोंडपाठ होतं. प्रत्येकाच्या माळ्यावर उरलेल्या टाइल्स असतातच. ती दारोदार गेली. "चार असल्या तरी चालतील." कुणी चार दिल्या, कुणी सात. आनंदरावांनी तर बाथरूमच्या दिल्या, गुलाबी. नूतन म्हणाली, "भिंतीवर गेल्यावर टाइलला काय आठवतंय ती कुठली व्हती ते?" आंबवड्याहून गेनबा मिस्त्री आला. त्यानं त्या सगळ्या अंगणात मांडून बघितल्या आणि डोकं खाजवत म्हणाला, "ताई, ही भिंत हाय का गोधडी?"

"गोधडीच घाल," नूतन म्हणाली. "पर नीट शिव."

आणि खरं सांगते, गोधडी झाली देखणी. मागून आणली तरी तोंडानं मागून आणली होती. त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. लाजेची गोष्ट टेम्पोतनं आली.

एका शनिवारी दुपारी गोरखनं टेम्पोचं फाळकं खाली पाडलं. आत काळ्या कडाप्प्याची अखंड फरशी. सहा फूट लांब, चांगली दोन फूट रुंद, आणि पॉलिश असं की त्यात नूतनला आपली टिकली दिसली.

"कुठली?"

"किकवीच्या अलीकडं राडारोड्याचा ढीग हाय न्हवं, रस्ता रुंद केला त्यातला. बेवारस पडली व्हती. वॉचमन म्हनला, घिऊन जा."

दोघांनी ती उतरवताना उलटी केली, तेव्हा दुसऱ्या, तशाच पॉलिश बाजूच्या एका टोकाला कोरलेली अक्षरं दिसली. मातीनं भरलेली. नूतननं पदरानं पुसली. 'कै. लीलाबाई यांच्या स्मरणार्थ.'

आता लीलाबाई कोण, ते सांगायला हवं. दोन घरं सोडून नाना राहतात, त्यांची बायको. जन्मभर भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या यष्टीनं भोरच्या बाजाराला गेल्या. फाट्यावर बसायला काही नव्हतं, मातीतच बसायच्या, पाटी शेजारी. त्या गेल्यावर नानांनी फाट्यावर त्यांच्या नावानं बाक बांधला, आणि मुद्दाम रुंद बांधला. "पाटी बी मावली पायजे," म्हणाले. रस्ता रुंद झाला तेव्हा थांबा हलला, बाक उचकटला, आणि फरशी कुठं गेली ते कुणाला कळलं नाही. नाना तेव्हापासून दिसेल त्याला विचारत होते.

"ही तर नानांची," गोरख म्हणाला. "त्यांच्या दारात टाकून येऊ का?"

नूतननं फरशीकडं बघितलं. मग आत त्या चिरेकडं बघितलं. आणि ती जे बोलली ते तिचं तीच बोलली, गोरखच्या माथी मारायला जागा नाही. "नाव खाली घाला," ती म्हणाली. "खाली कोन बघतंय."

गेनबा परगावचा. त्यानं विचारलं, "ताई, नाव हाय ह्येच्यावर."

"असंल कुनाचं तरी जुनं."

"सिंकसाठी भोक पाडू?"

"नको," ती एवढ्या घाईनं म्हणाली की गेनबा बघतच राहिला. कटर नावाला लागला असता, एवढं मात्र तिच्यानं बघवलं नसतं. म्हणजे बघा, लाज होती. फक्त ती पण खालच्या बाजूला घातली होती.

ओटा झाला. बायका बघायला आल्या, हात फिरवून गेल्या. शेगडीच्या मागं तेवढी चार टाइल्सची जागा उघडी होती. ती कुणाकडनं भरावी या विचारात असताना नाना दारात. हातात गोणपाटात बांधलेलं काहीतरी.

"तुला कमी पडल्यात म्हनं. ह्या आमच्या मोरीच्या. लीलानं चार जादा ठिवल्या व्हत्या, फुटल्या तर असाव्यात म्हनून. कसल्या फुटत्यात? तीच गेली आदी." पांढऱ्या टाइल्स, त्यावर निळं फूल. मग नानांनी ओट्यावर हात ठेवला. "गार हाय दगड," नाना म्हणाले. "आमचा बी असाच व्हता. गोरख टेम्पो घिऊन समदीकडं फिरतो, त्याला म्हनावं, कुठं दिसली तर नजर ठिव."

"सांगते, नाना," नूतन म्हणाली.

टाइल्स बसल्या, आणि तिथनं ओट्याचं सुख संपलं. उजव्या टोकाला ती पोळपाट ठेवीना. खाली कुठं अक्षरं आहेत ते हाताला माहीत होतं. भाकरी थापताना दणका बसायचा आणि तिला वाटायचं, कुणाच्या पाठीत बसतोय. शेवटी परात घेऊन खाली जमिनीवर बसायला लागली.

गोरखनं विचारलं, "एवढा ओटा केला, आन भाकरी जमिनीवर?"

"पाठ दुखती उभं ऱ्हाऊन."

गोरखही आजकाल नानांच्या दारावरनं टेम्पो जरा जोरातच नेत होता.

रविवारी दुपारी ती दार झाडत होती, तर नाना रस्त्यानं लंगडत आले आणि तिच्याच पायरीवर टेकले. वय चौऱ्याहत्तर. धोतर काट्यात फाटलेलं, नडगीवर ओरखडे, त्यात रक्त सुकलेलं.

"कुठं गेल्ता, नाना?"

"किकवीला. कोनतरी म्हनलं, तिथं ढीग हाय दगडांचा. समदा उपसून बघितला." पाणी पिऊन म्हणाले, "वॉचमन म्हनला, तसली फरशी एक टेम्पोवाला घिऊन गेला. पांढरा टेम्पो."

नूतन आत जाऊन चहा करून घेऊन आली. कप नानांच्या शेजारी पायरीवर ठेवला.

"पांढरे टेम्पो लई असत्यात," नानाच पुढं म्हणाले. "गोरखचा बी पांढराच हाय. पर त्याला घावली असती तर त्यो आदी माज्याकडं आला असता."

एखाद्यानं शिव्या दिल्या तर माणूस उलट बोलू तरी शकतो. ह्याला काय बोलायचं? नूतन उंबऱ्यात उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाली, "नाना, आत या."

तिनं ओट्याखालचा सिलिंडर ओढून बाजूला केला. नानांना वाकता येईना. तिनं त्यांचा हात धरला आणि उजव्या टोकाला, फरशीच्या खालून लावला. नानांची बोटं चाचपडली, एका जागी थांबली, आणि मग सावकाश पुढं सरकली. अक्षर, काना, वेलांटी. सगळं नाव वाचून झाल्यावर त्यांनी हात काढला.

"तुला वाचाया येत न्हाई व्हय?"

"येतं."

"वाचलं व्हतं?"

"वाचलं व्हतं, नाना."

"मग?"

चीर, झुरळं, डाळीचा डबा, बहिणीचा फोटो, सगळं तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. तिनं एवढंच विचारलं, "उद्या गेनबाला बोलवू?"

"बोलीव." नाना दाराकडं निघाले. उंबऱ्यापाशी थांबून भिंतीकडं बघत म्हणाले, "त्या चार टाइल्स ऱ्हाऊ दे. त्या म्या दिल्यात."

चहा अर्धा तसाच राहिला होता, पायरीवर.

गेनबानं फरशी काढली. एका कोपऱ्याचा टवका उडाला. नूतनच्या तोंडनं "आई गं" निघालं, जणू तिच्याच दाताचा उडाला. परसात टाकलेली शहाबादी परत आत आली, चिरेसकट. आता भिंत राजाची आणि ओटा रंकाचा. बायका अजून बघायला येतात, पण आता तोंडावर पदर घेऊन. आनंदरावांची बायको तर म्हणाली, "आमच्या गुलाबी टाइल्स मागं कुनाचं नाव न्हाई बरं का, बघून घे." नूतन खाली मान घालून डाळ निवडत राहिली.

नव्या थांब्यावर त्याच फरशीचा बाक उभा राहिला, सिमेंटच्या दोन पायांवर. गोरखनं वाळू आणून टाकली, न सांगता. सकाळी पोरी तिथं दप्तरं टेकवतात, एखादी भाजीवाली पाटी ठेवते, आणि पाटी मावते.

नूतन मात्र रोज सातला त्याच्या शेजारी उभी असते. एका सकाळी नाना आधीच बसले होते. सरकून जागा केली.

"बस की. यष्टीला येळ हाय."

"असू द्या, नाना. हितंच बरी हाय."

नाना पुन्हा मधे सरकले नाहीत. यष्टी येईपर्यंत ती तशीच रिकामी राहिली.

लोकांना वाटतं, नाव वर आलं, झालं गेलं संपलं. पण नूतनला माहीत आहे, तिच्या तेलाच्या बाटलीचा गोल डाग अजून त्या फरशीला आहे. घासून घासून गेला नाही. तो आता खालच्या बाजूला आहे, आणि खाली कोण बघतंय, हे ती आता कुणालाच म्हणत नाही.