मीडियम म्हणजे सिद्धेश्वरी

देशात ज्या कुणा बाईनं ‘गुंजवेल’चा मीडियम साइजचा कुर्ता घातला असेल, तिच्या अंगावर आमच्या सिद्धेश्वरी बिराजदारचं माप आहे. त्या बाईला ते ठाऊक नसतं. मला आहे, कारण त्याच कंपनीत परत आलेली पार्सलं फोडायचं काम मी करते. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि घरी बसून सुनेच्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा हे बरं म्हणून इथं आले.

गुंजवेल अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, एका बंद पडलेल्या टॉवेलच्या कारखान्यात. मालक राजस आणि त्याची बायको उर्वी, दोघं पुण्यात शिकून परत आलेली. कपडे कसे असावेत ते उर्वी ठरवते, बाकीची सगळी धावपळ राजसची. मी आले तेव्हा मोजून चार शिलाई मशिनी होत्या आणि चहा आमचा आम्हीच करायचो. मग मोबाइलवर कुर्ते असे काही खपायला लागले की कंपनीला थांबायला वेळच उरला नाही. माझं टेबल दर महिन्याला हलायचं. सुट्टीनंतर आलं की आधी टेबल शोधायचं, मग काम. उन्हाळ्यात दिवाळीचे कपडे, दिवाळीत उन्हाळ्याचे. मालकाला नुसतं ‘राजस’ म्हणायचं असा नियम निघाला, तो एकानंही पाळला नाही. लाख ऑर्डरी झाल्या तेव्हा फुगे लावून निळा केक कापला आणि सगळ्यांची तोंडं निळी झाली. एकट्या सिद्धेश्वरीनं केक खाल्ला नाही. तिचा उपास होता.

सिद्धेश्वरी पॅकिंगला होती. हसरी बाई, कामाला वाघ. नवरा गुरुशांत टॉवेलच्या यंत्रमागावर, पण त्याचं काम आज आहे तर उद्या नाही, त्यामुळं घर तिच्याच पगारावर चालायचं. एकदा उर्वी पॅकिंगमध्ये आली, सिद्धेश्वरीकडं नीट बघितलं आणि तिला नमुन्याच्या खोलीत घेऊन गेली. नवीन कुर्ता बाजारात जायच्या आधी कुणाच्या तरी अंगावर घालून बघावा लागतो. कुठं ढिला, कुठं तंग ते टाचण्या लावून ठरतं, आणि मग त्यावरून हजारो कुर्ते कापले जातात. मीडियमसाठी सिद्धेश्वरी अगदी हवी तशी निघाली. उर्वी खूश होऊन हसत म्हणाली, “सिद्धेश्वरीताई, आता तुम्ही बदलायचं नाही हं!”

उर्वीनं गमतीत म्हटलं आणि विसरून गेली. सिद्धेश्वरीनं ते नोकरीची अट म्हणून पदरात बांधून घेतलं.

पुढं चाळिशी आली. चाळिशीत बाईचं अंग भरतं, त्यात नवल काही नाही. माझं तर तिशीतच भरलं आणि मी कुणाला जाब दिला नाही. पण सिद्धेश्वरीचा डबा बारीक व्हायला लागला. सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवार स्वामींचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी भूकच नाही. आम्हा बायकांना वाटलं, केवढी ही देवभोळी! फुलाबाई नावाची आमची झाडूवाली तर एकादशीला तिच्या पाया पडली. सिद्धेश्वरी कावरीबावरी होऊन मागं सरकली, तेही आम्ही विनयातच जमा केलं. संक्रांतीला मी तिला शेंगापोळी दिली, तर तिनं ती पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “पोरीला नेते की, तिला लई आवडतीय.” मला राग आला होता. माझ्या हातची शेंगापोळी कुणी पिशवीत घालत नाही.

यंदा मात्र परत येणाऱ्या पार्सलांचा नुसता पूर आला. मी फोडून फोडून दमले. कारण एकच, ‘कमरेत तंग’. सगळे मीडियम. एका बाईनं तर लिहिलं होतं की उभं राहिलं तर छान दिसतं, जेवायला बसलं की जीव जातो. राजसची झोप उडाली. माल असाच परत येत राहिला असता तर कंपनी जितक्या लवकर वर आली तितक्याच लवकर खाली गेली असती.

मग दोष कुणाचा ते शोधणं सुरू झालं. जुना मीडियम आणि नवा मीडियम टेबलावर एकावर एक ठेवले. नवा कमरेत चांगलाच आत होता. “मी दर वेळी अगदी थोडंसं आत घ्यायला सांगत होते,” उर्वी म्हणाली. “एवढं कुठं सांगितलं होतं?” सगळे सिद्रामप्पा मास्तरांकडं बघायला लागले.

सिद्रामप्पा मास्तर आमचे कटिंग करणारे. पहिल्या चार मशिनींपासूनचे, साठीचे, कमी बोलणारे. ते दर वेळी सांगितलं तेवढंच आत घ्यायचे. पण कापायच्या मापाचा जो कागद असतो, तो नव्या कुर्त्यासाठी आधीच्याच कागदावरून काढायची पद्धत होती, त्यामुळं थोडं थोडं साठत गेलं. हे त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आलं नाही, मास्तरांच्याही नाही. बिचारे वाद घालायचे सोडून डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाला नजर ठीक आहे, तर त्यांना डॉक्टरचाच भरवसा वाटेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडताच बसले. “म्या आता येनार न्हाय,” ते म्हणाले. “हात चुकतोय माझा. कंपनी बुडायच्या आत गेलेलं बरं. राजससायबांना सांगून आलोय.”

समोर सिद्धेश्वरी बसली होती, तिच्यापुढं नुसता ताकाचा पेला. ती उठली आणि म्हणाली, “मास्तर, तुमचा हात न्हाय चुकला. मी पोट आत घेत हुते.”

कुणाला काही कळेना. मास्तर म्हणाले, “कंदी?”

“दर टायमाला. नवा कुर्ता घातला की श्वास वडून धरायची. माप वाढलं तर मला काढतील म्हनून. भीतीनं जरा जास्तच आत वडायची, मग कुर्ता ढिला दिसायचा, आन म्याडम आत घ्या म्हनायच्या.” ती रडायला लागली. “उपास बी खोटंच हायेत हो. देवाचं नाव घेऊन उपाशी राहिले. मला रोज लई भूक लागतीय.”

मी आयुष्यात पुष्कळ कबुल्या ऐकल्या. शाळेच्या ऑफिसात दुसरं काय असतं? पण ‘मला भूक लागते’ हे गुन्हा म्हणून कबूल करणारी बाई पहिल्यांदाच बघितली. मला तिच्या गालफडात एक द्यावीशी वाटली आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. मी माझा डबा तिच्यापुढं सरकवला. ती जेवली नाही. आधी उर्वीकडं जाते म्हणाली, आणि गेलीसुद्धा. मी आणि मास्तर मागोमाग.

काचेच्या केबिनमध्ये उर्वी आणि राजस दोघांपुढं तिनं सगळं पुन्हा सांगितलं, उभ्यानंच. आता जाते हिची नोकरी, असं मला वाटलं. उर्वी आधी चिडली, चांगलीच चिडली. एवढा माल, एवढे परतीचे खर्च! मग तिनं विचारलं, “पण तुम्हाला काढतील असं सांगितलं कुणी?”

“तुमीच की. बदलायचं न्हाय म्हनलात.”

उर्वीला ते आठवायलाच वेळ लागला. आठवलं तेव्हा ती मटकन खुर्चीत बसली. “अहो ताई, मी गंमत केली होती,” ती म्हणाली. तिच्या आवाजातला सगळा तोरा गेला होता. राजसनं विचारलं तो मात्र कामाचा प्रश्न होता. “मास्तर, हा माल सैल करता येईल?”

मास्तरांनी एक कुर्ता उलटा केला, बाजूची शिवण बोटांनी चाचपली. आत भरपूर माया होती, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड. “व्हय, उसवून घेतलं की झालं,” ते म्हणाले. राजसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मास्तरांना म्हणाला, “तुम्ही कुठंही जायचं नाही.” सिद्धेश्वरीला म्हणाला, “तुम्हीपण.”

त्या संध्याकाळी कंपनीत कुणी कुणावर ओरडलं नाही. मास्तर मशिनींमधून उगाच फिरून आले, आपला हात ठीक आहे हे प्रत्येकाला सांगत. मलाही इतकं हलकं वाटत होतं की रिक्षावाल्याशी भांडायचंच राहिलं.

उर्वीनं नवा नियम काढला, इथं आल्यापासूनचा पहिला शहाणा नियम. अंगावर कुर्ता घालून बघायचा तो जेवण झाल्यावरच.

पुढच्या बुधवारी सिद्धेश्वरी आमच्यात बसून जेवली. दोन भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. तिसरी अर्धी मी बळेच वाढली. मग नमुन्याच्या खोलीत ती स्टुलावर उभी राहिली आणि मास्तरांनी कमरेला टेप लावला. आम्ही दारात गर्दी करून उभ्या.

मास्तर म्हणाले, “श्वास सोड.”

“सोडलाय की.”

“न्हाय सोडलास.”

तिनं पुन्हा प्रयत्न केला. पोट आतच. किती वर्षांची सवय, तिचं तिलाच समजत नव्हतं. ती घाबरून आमच्याकडं बघायला लागली. मास्तरांनी टेप तसाच धरला, आणि धाकट्या बहिणीला सांगावं तसं हळूच तेच कानडीत म्हणाले, “उसिर बिडु, तंगी.”

तिचे खांदे खाली आले. टेप मास्तरांच्या बोटांतून सरकत गेला, चांगला सरकला. उर्वीनं आकडा विचारला. मास्तरांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितला.

सिद्धेश्वरीनं तो ऐकला, आणि पोट तसंच राहू दिलं.